पायथागोरस की त्रिकोणमिती? आधी टेपने काय मोजलंय ते बघ

प्रश्न विचारणारा मुलगा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वडिलांच्या हाताखाली फॅब्रिकेशनचं काम शिकतोय. दहावी झाली आहे, पायथागोरस पाठ आहे, त्रिकोणमितीही झाली आहे. तरी यंत्रमागाच्या शेडची कैची, म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडा, करताना तो अडला. शेडची रुंदी २४ फूट, मधोमध उंची ४ फूट. पाखाची, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूची, लांबी कागदावर १२.६५ फूट आली, म्हणून त्याने १२ फूट साडेसहा इंचांवर खूण केली. वडिलांनी जमिनीवर खडूने पूर्ण मापात कैची आखली आणि टेप लावला, तर १२ फूट पावणेआठ इंच. चूक कोणाची, आणि काटकोन त्रिकोणात पायथागोरस कधी वापरायचा, साइन-कोसाइन कधी, हे ओळखायचं कसं, असं तो विचारतो.

मी आयटीआयमध्ये आरेखकाच्या ट्रेडला शिकवते आणि अशा शेडची ड्रॉइंगही करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझी कैची. अर्धी रुंदी १२, उंची ४. १४४ अधिक १६ म्हणजे १६०, त्याचं वर्गमूळ १२.६४९. तुझं गणित बरोबर आहे आणि वडिलांची आखणीही बरोबर आहे. घोळ झाला तो कागदावरचं उत्तर टेपवर नेताना. १२.६५ फूट म्हणजे १२ फूट आणि वर एका फुटाचा ०.६५ भाग. फुटाचे इंच बारा, म्हणून ०.६५ × १२ = ७.८ इंच. इंचाचे सूत आठ, म्हणून ०.८ × ८ = ६.४ सूत. म्हणजे १२ फूट ७ इंच ६ सूत, थोडं वरच. हेच वडिलांचे पावणेआठ.

सव्वा इंचच तर गेला, असं समजू नकोस. तेवढा आखूड पाख घेऊन खालची २४ फूट रुंदी साधायची म्हटलं तर मधली उंची ४ फुटांवरून ३ फूट पावणेआठ इंचांवर येते. सव्वा इंच कापताना गेला आणि आढं, म्हणजे छपराचा माथा, सव्वाचार इंच खाली बसलं. पाख जितका आडवा, तितका हा फरक वाढत जातो. तुझ्या कैचीत पाख उंचीच्या तिपटीहून थोडा मोठा आहे, म्हणून पाखातली चूक उंचीत साधारण तिपटीहून थोडी जास्त होऊन उतरते. यावर सोपा उपाय म्हणजे सगळं इंचात घे. १४४ आणि ४८, वर्गांची बेरीज २३०४०, वर्गमूळ १५१.८ इंच. टेपवर सरळ १५१.८ गाठायचं. मिलिमीटरमध्ये काम करत असशील तर हा प्रश्नच उरत नाही.

आता मुख्य प्रश्न. कोणतं सूत्र हे तू पहिल्यांदा विचारतोस, ते दुसऱ्यांदा विचारायचं असतं. आधी कच्ची आकृती काढ, काटकोन कुठे आहे तिथे छोटा चौकोन कर, आणि जे खरोखर मोजलंय तेवढंच आकृतीवर लिही. काटकोन सोडला तर त्रिकोणात पाच गोष्टी असतात: तीन बाजू आणि दोन लघुकोन. यातल्या कोणत्याही दोन कळल्या आणि त्यात निदान एक बाजू असली, की उरलेल्या तीन निघतात. दोन बाजू मोजल्या असतील तर पायथागोरस. एक बाजू आणि एक कोन असेल तर त्रिकोणमिती. फक्त दोन कोन असतील तर त्रिकोणाचा आकार कळतो, माप कळत नाही. तेव्हा पुन्हा टेप काढावा लागतो. निवड एवढीच आहे.

पायथागोरस वापरताना मुलं एकाच जागी हमखास घसरतात. हवी असते पाया किंवा उंची आणि वर्गांची बेरीज करून मोकळी होतात. १३ फुटांची शिडी भिंतीला लावली आणि तिचा पाय भिंतीपासून ५ फुटांवर आहे. शिडी काटकोनासमोर आहे, म्हणजे ती कर्ण. १६९ वजा २५, १४४, शिडी भिंतीवर १२ फुटांवर टेकते. बेरीज केली तर १४ च्या आसपास उत्तर येतं, आणि १३ फुटांची शिडी १४ फुटांवर पोचणं शक्य नाही. उत्तर आलं की ही परीक्षा दर वेळी घे: कर्ण इतर दोन्ही बाजूंपेक्षा मोठा आणि दोघींच्या बेरजेपेक्षा लहान असलाच पाहिजे.

त्रिकोणमितीत तीन गुणोत्तरं असल्यामुळे कोणतं घ्यावं याची भीती वाटते. रीत अशी आहे. जो लघुकोन माहीत आहे त्यावर बोट ठेव. त्याच्यासमोरची ती संमुख बाजू, त्याला चिकटलेली ती लगतची, तिसरी कर्ण. साइन म्हणजे संमुख ÷ कर्ण, कोसाइन म्हणजे लगतची ÷ कर्ण, टॅन्जंट म्हणजे संमुख ÷ लगतची. आता माहीत असलेली बाजू आणि हवी असलेली बाजू या दोघींना खूण कर. तिसरीचा या प्रश्नाशी संबंध नाही. ती ज्यात येत नाही ते गुणोत्तर तुझं. समज १८ फूट उंचीच्या खांबाला वरून ताण द्यायचा आहे आणि तार जमिनीशी ६० अंशांत हवी. तारेची लांबी हवी असेल तर संमुख आणि कर्ण, म्हणजे साइन: १८ ÷ ०.८६६ = २०.७८ फूट. खुंटी खांबापासून किती लांब ठोकायची हे हवं असेल तर संमुख आणि लगतची, म्हणजे टॅन्जंट: १८ ÷ १.७३२ = १०.३९ फूट. दुसरं उत्तर २०.७८ वापरूनही काढता येईल, पण काढू नकोस. शक्य तोवर प्रत्येक उत्तर मोजलेल्या मापावरून काढायचं, काढलेल्या मापावरून नाही. पहिलं उत्तर चुकलं असेल तर दुसरं आपोआप चुकतं, आणि ते लक्षातही येत नाही. कॅल्क्युलेटर हातात घेतल्यावर आधी साइन ३० दाबून बघ. ०.५ यायला हवं. वजा ०.९८८ आलं तर तो रेडियनवर आहे, डिग्रीवर आण.

दोन्ही रस्ते खुले असतील तर शेडच्या कामात बाजूंचा रस्ता घे, कोनाचा नाही. तुझ्याच कैचीवर दाखवते. ४ ला १२, म्हणजे टॅन्जंट एक तृतीयांश, कोन १८.४३ अंश. कोणीतरी ड्रॉइंगवर ‘१८ अंश’ लिहून टाकलं. तेवढ्याने पाखाची लांबी फक्त तीन सूत कमी येते, पण उंची सव्वा इंच उतरते. मोबाइलवरच्या ॲपने मोजलेला कोन तर एखादा अंश सहज इकडेतिकडे दाखवतो. १२ आणि ४ हे मात्र टेपने पुन्हा पुन्हा तपासता येतात. म्हणूनच साइटवर उतार अंशात सांगत नाहीत, ‘तीनास एक’ असा सांगतात. असा उतार म्हणजे तयार टॅन्जंटच, त्याला तक्ता लागत नाही.

उतार आणि एक बाजू अशी माहिती असेल तरी पायथागोरस चालतो, फक्त बाजू अज्ञात ठेवून मांडायचा. भिंतीला लावलेल्या शिडीसाठी चारास एक हे प्रमाण सुरक्षित मानतात: चार वर तर एक बाहेर. २० फुटांची शिडी असेल तर पाय क फुटांवर, टेकू ४क फुटांवर. १७क² = ४००, क = ४.८५. पाय जवळपास ४ फूट १० इंचांवर, टेकू १९.४ फुटांवर. कोन कुठे लागलाच नाही.

याच्या पुढचं माझ्या मते कैचीच्या कामात सगळ्यात उपयोगी आहे, आणि शाळेत ते वेगळ्या प्रकरणात येत असल्यामुळे पायथागोरसशी त्याचा सांधा जुळत नाही: समरूपता, म्हणजे आकार तोच, माप लहानमोठं. पाखाची लांबी एकदा काढलीस की १२.६४९ ला १२ ने भाग. १.०५४ आलं. या उतारावर आडव्या प्रत्येक फुटाला पाखावर १.०५४ फूट लागतात. पत्रा भिंतीबाहेर दीड फूट वळचणीला काढायचा आहे? १.५ × १.०५४ = १.५८ फूट, म्हणजे १९ इंच. पुन्हा वर्ग नको, वर्गमूळ नको. उभ्या पट्ट्यांचंही तेच. भिंतीपासून ३, ६ आणि ९ फुटांवर पट्ट्या असतील तर त्यांची उंची १, २ आणि ३ फूट, कारण आतले सगळे छोटे त्रिकोण मोठ्या त्रिकोणाशी समरूप आहेत. वडिलांनी जमिनीवर आखून घेतलेली प्रत्येक पट्टी या एका आकड्यावरून निघते. तरीही आखणी सोडू नका. कागदाचं आणि जमिनीचं माप एक आलं की मगच कटर चालवायचा. दोन वेगळ्या रीतींनी एकच उत्तर येणं ही फार मोठी खात्री आहे.

कागदावरच्या रेषेला जाडी नसते, पाइपला असते, हेही इथेच सांगते. ५ फूट बाय ४ फूट बाहेरच्या मापाच्या गेटमध्ये तिरकी पट्टी बसवायची आहे. सूत्र म्हणतं √४१, म्हणजे ६.४ फूट, जवळपास ७६.८ इंच. पण चौकट २ इंचांच्या चौकोनी पाइपची असेल आणि पट्टी आत बसणार असेल, तर आतलं माप ५६ बाय ४४ इंच, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७१.२ इंच. साडेपाच इंचांहून जास्त फरक. पट्टीला स्वतःची रुंदीही आहे, ती कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी तासावी लागते. म्हणून त्रिकोण कोणत्या रेषांचा घेतोस, बाहेरच्या कडेचा, आतल्या कडेचा की मधल्या रेषेचा, हे आकृतीवर लिहून ठेव आणि तिन्ही बाजू त्याच रेषेवर मोज.

काही वेळा मोजलेल्या दोन्ही गोष्टी बाजू असतात, तरी पायथागोरस सरळ लागत नाही, कारण न कळलेली बाजू दोन्हीकडे दडलेली असते. गेटवरची कमान हे याचं नेहमीचं उदाहरण. कमानीची रुंदी ६ फूट, मधोमध उठाव १ फूट. पाइप किती त्रिज्येने वाकवायचा? त्रिज्या त धर. वर्तुळाचा मध्य कमानीच्या माथ्यापासून त फूट खाली, म्हणून कमानीच्या पायरेषेपासून त − १ फूट खाली. अर्धी रुंदी ३. काटकोन त्रिकोण मिळाला, त्याचा कर्ण त:

त² = ३² + (त − १)²

उजवीकडचा कंस सोडवला की त² दोन्हीकडून उडतो. २त = १०, त = ५ फूट. मध्य पायरेषेच्या ४ फूट खाली. तीन-चार-पाच पुन्हा भेटले. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीतलं मोडलेल्या बांबूचं गणित याच घाटाचं आहे: ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडला आणि शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर कुठे मोडला? उभा उरलेला भाग क धर, मोडलेला ३२ − क, आणि तोच कर्ण. उत्तर १२ हात. ही दोन गणितं स्वतः सोडवलीस तर ‘दोन माहीत, तिसरी काढ’ याच्या पलीकडे पायथागोरस काय करतो ते हाताला कळेल.

आता काटकोनाबद्दल. वरचं सगळं काटकोन खरोखर काटकोन आहे या गृहीतावर उभं आहे. कागदावर तो छापलेला असतो, जुळे सोलापुरातल्या प्लॉटवर तो आपल्याला उभा करावा लागतो. मिस्त्री तीन-चार-पाच लावतात. एका बाजूवर ३, दुसरीवर ४ मोजायचे आणि दोन्ही खुणांमधलं अंतर ५ भरेपर्यंत दोरी सरकवायची. हा पायथागोरसचा व्यत्यास आहे, म्हणजे तेच प्रमेय उलट बाजूने, आणि पाया आखताना खरा उपयोग त्याचाच. पण ३, ४, ५ फूट घेऊ नका. कर्ण मोजताना पाव इंचाची चूक कोणाचीही होते. ३-४-५ फुटांत पाव इंच चुकला तर काटकोन अर्ध्या अंशाने बिघडतो आणि ४० फूट लांब भिंतीच्या टोकाला चार इंचांची तूट दिसते. तेच १२-१६-२० फूट घेतले तर पाव इंचाच्या चुकीने टोकाला एकच इंच जातो. जागा असेल तेवढा मोठा त्रिकोण घ्यावा. गुण्या, म्हणजे मिस्त्रीची काटकोनी पट्टी, विटेच्या कोपऱ्याला ठीक आहे. पायाच्या आखणीला तो पुरत नाही, त्याच्या भुजा फार आखूड. ३० बाय ४० चा प्लॉट असेल तर काम आणखी सोपं, कर्ण बरोबर ५० फूट. दोन्ही कर्ण मोज. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे, तर चारही कोन काटकोन. नुसते कर्ण सारखे आले म्हणून थांबायचं नाही, तसं एका बाजूला निमुळत्या प्लॉटमध्येही होऊ शकतं.

फार कमी उताराच्या कामात उलट गंमत होते. दवाखान्याच्या दारात व्हीलचेअरसाठी बारास एक उताराचा रॅम्प करायचा आहे आणि ओटा २ फूट उंच आहे. आडवं अंतर २४ फूट. रॅम्पची तिरकी लांबी? २४.०८ फूट, फक्त एक इंच जास्त. असल्या ठिकाणी वर्गमूळ काढायची गरज नाही. उंचीचा वर्ग भागिले पायाची दुप्पट केली की कर्ण पायापेक्षा किती जास्त ते कळतं: ४ ÷ ४८ फूट, म्हणजे एक इंच. गटारीच्या, फरशीच्या उताराला हीच रीत वापर. तुझ्या कैचीला ती चालणार नाही, तिथे उतार जास्त आहे.

राहिली उंची, जिथे टेप पोचतच नाही. पाण्याची टाकी, टॉवर, देवळाचं शिखर. ऊन असेल तर सावली पुरेशी आहे. ३ फुटांची काठी ओळंब्यात उभी कर, तिची सावली २ फूट पडली आणि त्याच वेळी टाकीची सावली ३० फूट, तर टाकी ४५ फूट. कोन नको, डोळ्याची उंची नको. मात्र वेळ बघ. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते आणि ही रीत तेव्हा बिनकामाची. संक्रांतीच्या दिवसांत, गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी, भर दुपारी साडेबाराच्या पुढे सावली उंचीच्या साधारण आठ दशांश पडते. ३० फुटांच्या खांबाची २४ फूट. मोजायला ते दिवस चांगले.

ऊन नसेल तर उन्नत कोन, म्हणजे माथ्याकडे बघताना नजर आडव्या रेषेशी करते तो कोन. टाकीच्या पायापासून अंतर मोज, कोन मोज, उंची = अंतर × टॅन्जंट, आणि त्यात डोळ्याची उंची मिळव. कुठे उभं राहावं याला फार महत्त्व आहे. कोन ४५ अंशांच्या आसपास येईल तिथे उभा राहा. तिथे एका अंशाच्या चुकीने उंची साडेतीन टक्के चुकते, ७० किंवा २० अंशांवर साडेपाच टक्के, १० अंशांवर दहा टक्के. अगदी जवळून मान वर करून बघितलं काय आणि फार लांबून बघितलं काय, दोन्हीकडे नुकसानच.

पायापर्यंत जाताच येत नसेल, समज सिद्धेश्वर तलावाच्या अलीकडच्या काठावरून किल्ल्याच्या एखाद्या बुरुजाची उंची काढायची आहे, तर दोन ठिकाणांहून कोन घ्यावे लागतात. बुरुजाच्या दिशेने एका सरळ रेषेत, सपाट जमिनीवर. लांबून ३० अंश, ४० फूट पुढे येऊन ४५ अंश. उंची ह म्हटली तर जवळच्या जागेपासून बुरूज ह फुटांवर, कारण टॅन्जंट ४५ म्हणजे १. लांबच्या जागेपासून १.७३२ह फुटांवर. दोघांतला फरक ४० फूट, म्हणून ०.७३२ह = ४०, ह = ५४.६ फूट. डोळ्याची उंची ५ फूट धरली तर साधारण ६० फूट. हे आकडे गणितासाठी घेतलेले आहेत, बुरुजाची खरी उंची तू काढ. दोन्ही कोनांत दहा-पंधरा अंशांचा फरक तरी असू दे. ३० ऐवजी साडेतीस मोजला गेला तर ५४.६ चे ५७.३ होतात, म्हणून उत्तर लिहिताना दशांशात लिहू नकोस. ‘६० फूट, दोन-तीन फूट कमीजास्त’ असं लिही.